टेंबे मॅडम आणि पोटातली मंडळी

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "सकाळी पोट नीट साफ होतं का?"

मी संगणकाची पदवीधर. खराडीतल्या एका कंपनीत बऱ्या पगारावर होते. मंदी आली तेव्हा आमच्या अख्ख्या टीमला आधी बिनकामाचं बेंचवर बसवलं आणि मग एका शुक्रवारी गळ्यातली ओळखपत्रं काढून घेतली. बिबवेवाडीच्या घरी बसून मी दिसेल तिथे अर्ज करत होते. त्यातला एक अर्ज एका संशोधन संस्थेत पोचला. तिथे कुणीतरी आकडेमोड करणारं माणूस हवं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. समोर बसलेल्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, उंच, खळ घातलेली सुती साडी नेसलेल्या. माझा बायोडेटा त्यांनी पालथा घालून ठेवला होता. प्रश्न ऐकून मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. त्यांनी तो त्याच आवाजात पुन्हा विचारला. मी कशीबशी हो म्हणाले.

"मग सोमवारपासून या. या प्रश्नाला ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांचं इथे निभत नाही. तुमच्या आधीचे गृहस्थ रागावून निघून गेले."

त्या डॉ. सुमती टेंबे. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास हे त्यांचं काम, आणि त्या अभ्यासाचा कच्चा माल म्हणजे माणसांची विष्ठा. हे मला सोमवारी कळलं. गायकवाड नावाचे लॅबमधले मदतनीस एका खोक्यातून झाकणबंद डब्या काढून बर्फात रोवत होते. त्यात काय आहे असं मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मॅडम स्वतः मात्र तो शब्द कधी वापरत नसत. डब्यांना त्या 'ऐवज' म्हणत. "कसब्यातला ऐवज आला का?" असं फोनवर विचारायच्या तेव्हा शेजारच्या खोलीत कुणी नवखा असेल तर त्याला वाटावं, बाईंची सराफी पेढी आहे. सूक्ष्मजीवांना 'जंतू' म्हटलेलं त्यांना चालत नसे. ती सगळी 'मंडळी'. माणसांना मात्र नावाने हाक मारायचा त्यांना कंटाळा. मी 'अहो संगणक', गायकवाड 'अहो बर्फ', आणि संस्थेचे संचालक त्यांच्या माघारी 'सही'. त्या कुणालाही, अगदी शिकाऊ मुलांनाही, अहो-जाहोच करत. अपमानही अहो-जाहोतच.

राहायला कसबा पेठेत, एका नव्या इमारतीत, एकट्याच. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "घरात आधीच खूप मंडळी आहेत." घराखाली तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची दुकानं. तो ठणठणाट दिवसभर चालायचा आणि मॅडम म्हणायच्या की रविवारी तो बंद असला की त्यांना काही सुचत नाही. गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं आणि त्या दुकानदाराशी त्यांचं जुनं वैर. सर्दी-खोकल्याला कुणी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायला आलं की या मागे उभ्या राहून विचारायच्या, "घरात झुरळ दिसलं की आपण घर पेटवून देता का?" पुढे पुढे त्या दुरून दिसल्या तरी दुकानदार गिऱ्हाइकाला सांगे, दुकान बंद आहे. शटर पूर्ण उघडं असे.

त्यांचा अभ्यास सुरू झाला तो बाजार खुला झाला त्या वर्षांत. पुण्यात नव्या गाड्या, नवी बिस्किटं, नव्या थंड पेयांच्या बाटल्या येत होत्या. बाईंच्या डोक्यात आलं की बाहेर एवढं बदलतंय तर आत काय होत असेल? तेव्हा त्यांनी कसब्यातल्या ओळखीच्या घरांपासून सुरुवात केली. दर काही महिन्यांनी त्याच माणसांचा ऐवज, वर्षानुवर्षं. मग आय.टी. आली, बाहेरगावची माणसं शहरात येऊ लागली, तशी त्यांची घरंही त्यांनी जोडली. डबी मागायला त्या स्वतः जात. लोक दचकत, काही दार लावून घेत, पण एकदा हो म्हटलेलं घर सहसा सुटत नसे. मॅडमचा एक नियम होता. अभ्यासातल्या घरी त्या पाण्याचा घोटही घेत नसत. डबी घ्यायची, आभार मानायचे, निघायचं. आपलं येणं-जाणं त्या घराच्या खाण्यापिण्यात मिसळायला नको आणि आपल्यावर त्यांचे उपकारही नकोत, असं त्यांचं म्हणणं. आम्हालाही तो नियम लागू होता.

माझं काम म्हणजे त्या ऐवजातून निघालेल्या माहितीचं चित्र करणं. पडद्यावर प्रत्येक डबीचा एक ठिपका. दोन माणसांच्या आतली मंडळी सारखी असेल तर ठिपके जवळ, वेगळी असेल तर लांब. पहिल्यांदा ते चित्र उमटलं तेव्हा मी थक्क झाले. एका घरातली माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. नवरा-बायको, ज्यांचं रक्ताचं काहीच नातं नाही, लग्नानंतरच्या वर्षांत हळूहळू जवळ सरकत आले होते. आणि तान्ह्या बाळांचे ठिपके सगळ्यांपासून लांब, दर महिन्याला उड्या मारणारे.

मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून सांगत. बाळ जन्मतं तेव्हा आतलं घर जवळजवळ रिकामं असतं. आधी येतात ते तिथली हवा वापरून संपवतात, आणि मग ज्यांना हवा सोसत नाही ते येऊन बसतात. दूध पचवणारे येतात, भात-वरण सुरू झालं की ते मागे पडतात, दुसरे पुढे येतात. दोन-तीन वर्षांत मूल मोठ्यांच्या घोळक्यात शिरतं. एकजण तंतू तोडतो, त्याचा उरलेला भाग दुसरा खातो, दुसऱ्याने टाकलेलं तिसरा.

"आत सगळे एकमेकांच्या उष्ट्यावर जगतात," त्या म्हणायच्या. "सोवळं पाळणारा तिथे उपाशी मरतो."

एकदा त्या चित्रात मला काहीतरी विचित्र दिसलं. खराडीतलं एक जोडपं होतं, दोघंही सॉफ्टवेअरमधले, हसतमुख, वेळच्या वेळी डबी देणारे. एकमेकांजवळ आलेले त्यांचे ठिपके पुन्हा लांब जाऊ लागले होते. मी मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पडदा बंद करायला सांगितला. मी म्हटलं, "काहीतरी बिनसलंय का त्यांचं?"

"वेगळं जेवत असतील. एवढंच दिसतं. त्यापुढचं आपल्याला दिसत नाही, आणि दिसलं तरी ते त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही."

त्यानंतर काही महिन्यांनी त्यातली बायको एकटीच आली. घटस्फोट झाला होता, अभ्यासातून नाव काढा म्हणाली. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं, पण कारण विचारलं नाही. ती गेल्यावर माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "धक्का बसला असेल तर चहा घ्या. पण हे बाहेर बोलायचं नाही." आपल्या पोटावरून आपला संसार कुणाला दिसू शकतो, या विचाराने मी त्या दिवशी घरी गेल्यावर नवऱ्याच्या ताटात मुद्दाम वाढून घेतलं. तो बिचारा बघतच राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत घडलं ते याहून भयंकर. लॅबमध्ये एक मोठा डीप फ्रीजर होता, कपाटासारखा उभा. अगदी पहिल्या वर्षापासूनचा ऐवज त्यात होता. सुट्टी संपून आम्ही परतलो तर जिन्यातच वास आला. वीज गेली होती, जनरेटर सुरू झाला नव्हता, वीज परत आली तेव्हा फ्रीजरचं यंत्र जळालं होतं. दार उघडल्यावर गायकवाड दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आतला ऐवज वितळून डब्यांची झाकणं उडाली होती.

मला वाटलं, मॅडम ओरडतील. त्या म्हणाल्या, "खिडक्या उघडा." मग आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने मी भीत भीत आत डोकावले, तर त्या फोनवर होत्या. एकेका घराला स्वतः फोन लावून सांगत होत्या, "तुमचा ऐवज माझ्या हातून खराब झाला. मी क्षमा मागते." पलीकडची माणसं काय बोलत असतील याची मला कल्पना करता येत होती. कुणाच्या विष्ठेची नासाडी झाली म्हणून कुणी माफी मागतंय, हे त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. एकजण मोठ्याने हसला, ते मला दारापाशी ऐकू आलं. मॅडम थांबल्या, त्याचं हसू संपू दिलं आणि पुन्हा म्हणाल्या, "क्षमा मागते."

मेश्राम यांच्या घरी त्यांनी फोन केला तेव्हा वनिता मेश्राम म्हणाली, "मॅडम, उद्या पुन्हा आणून देते न. त्यात काय."

"उद्याचं उद्या मिळेल हो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलीच्या पहिल्या महिन्याचं कुठून आणू?"

ही वनिता मेश्राम भंडाऱ्याकडची. सरकारी कचेरीत लिपिक. तिच्या नवऱ्याला खराडीत नोकरी लागली, तिने बदली करून घेतली आणि दोघं सासूबाईंना घेऊन पुण्यात आली. बौद्ध कुटुंब, घरात पुस्तकं भरपूर, बोलणं सरळ. मॅडमनी पहिल्यांदा डबी मागितली तेव्हा एकही प्रश्न न विचारता हो म्हणालेलं हे एकमेव घर. "विज्ञानाचं काम आहे न," एवढंच वनिता म्हणाली होती. गावच्या भातावरून शहराच्या खाण्यावर आलेलं ते घर आत कसं बदलत गेलं, पुण्यात जन्मलेल्या मुलीत आईकडून काय आलं, ते सगळं एकसलग टिपलं गेलेलं. जुना ऐवज गेला तरी त्याची पहिल्यापासूनची सगळी माहिती आधीच काढून ठेवली होती असं हे एकच कुटुंब. बाकी घरांचे तुकडे उरले होते. मॅडमच्या सबंध कामाचा कणा म्हणजे आता मेश्राम.

फ्रीजरनंतरही मॅडमचं काम थांबलं नाही. त्या सावरतायत असं वाटत असतानाच एका सकाळी गायकवाडांचा फोन आला. कसब्यातल्या अरुंद गल्लीत मॅडमना दुचाकीने धडक दिली होती. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, आणि ज्या औषधांसाठी त्यांनी दुकानदाराशी इतकी वर्षं भांडण केलं तीच औषधं शिरेतून आठवडेच्या आठवडे द्यावी लागली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. "आग लागलेलीच आहे तर पाणी मारायलाच हवं," म्हणाल्या. पाय वाचला.

आणि मग पोट गेलं.

सुरुवातीला वाटलं, औषधांचा त्रास असेल. पण जुलाब थांबेनात. दिवसभर, रक्त पडेपर्यंत. तपासणीत निदान झालं ते मॅडमनी आधीच मला सांगितलं होतं. एक जिवाणू असतो. एरवी तो कोपऱ्यात पडून राहतो, कारण बाकीचे त्याला हातपाय पसरू देत नाहीत. औषधांनी बाकीचे सगळे मेले की मोकळं घर त्याला मिळतं, आणि मग तो विष सोडतो.

मी भेटायला गेले तेव्हा मला त्या ओळखूच आल्या नाहीत. उंच बाई पलंगाच्या मधल्या जागेत मावल्या होत्या. गालफडं आत गेलेली. आवाज मात्र तोच.

"माझी मंडळी उठून गेली हो, संगणक. एकच भाडेकरू उरलाय, आणि तो भिंती पाडतोय."

त्याच्यावरचं औषध दिलं की काही दिवस बरं वाटायचं, थांबवलं की तो परत यायचा. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा पोटाच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. तरुण होते, मॅडमची व्याख्यानं ऐकलेले. म्हणाले, आणखी एक झटका त्यांना सोसणार नाही. एक उपाय आहे, आपल्याकडे अजून फार कुणी करत नाही. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, गाळायची आणि नळीने यांच्या आतड्यात सोडायची. रिकाम्या घरात पुन्हा वस्ती करायची. त्यासाठी देणारं माणूस हवं.

मी तेव्हा त्या कामात मुरले होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. मॅडमचा एकुलता एक भाचा तिथे होता, चांगला शिकलेला, परदेशी कंपनीतला. त्याने डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी शिवी दिली आहे. "माझ्या मावशीला हे?" म्हणाला, आणि मोटारीची किल्ली घेऊन निघून गेला. मी स्वतःची तपासणी करून घेतली, पण नुकताच मी दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स घेतला होता, त्यामुळे बाद. गायकवाडांना मधुमेह. वेळ कमी होता.

माझ्या डोक्यात मेश्रामांचा ठिपका होता. आमच्या सगळ्या चित्रात वनिताइतकी भरलेली, स्थिर वस्ती दुसऱ्या कुणाचीच नव्हती. मी मॅडमच्या कानाशी वाकून ते नाव घेतलं. त्यांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत त्यांना रागावलेलं मी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

"ते नाव इथे घ्यायचं नाही. त्यांनी मला अभ्यासासाठी दिलं. माझ्या पोटासाठी नाही. आणि मी मागितलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे मागायचं नसतं."

डॉक्टर रक्तपेढीसारखी काही सोय कुठे आहे का ते शोधत होते. तशी कुठेच नव्हती.

पुढच्या आठवड्यात डबी न्यायला कुणी आलं नाही म्हणून वनिता ती घेऊन स्वतःच लॅबमध्ये आली. मॅडम दिसत नाहीत म्हणून तिने गायकवाडांना विचारलं. त्यांनी फक्त हॉस्पिटलचं नाव सांगितलं. ती तिथूनच रिक्षा करून आली. मी पलंगाशेजारी बसले होते. मॅडमना त्या अवस्थेत बघून ती दारातच थबकली. मग डॉक्टर फेरीला आले, त्यांना तिने बाजूला घेऊन सरळ विचारलं की आजार काय आणि इलाज काय. ती रुग्णाची कोण, हे न विचारता त्यांनी सगळं सांगितलं.

ती परत आत आली ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी देते. डॉक्टरला सांगितलं मी, माझी तपासणी करा म्हणून."

मॅडमनी मान हलवली. "नाही."

"काहून?"

मॅडमनी मला सांगितलेलंच तिला सांगितलं, तुटक शब्दांत. मी तुमच्याकडे मागू शकत नाही.

"तुम्ही कुठं मागितलं? मी देऊन राहिली."

"तरीही नाही."

वनिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग खाली बघत म्हणाली, "सासूबाईंना मी फोन केला होता आत्ता, बाहेरून. त्या म्हणाल्या, नको विचारू. म्हणाल्या, ती बाई इतकी वर्षं आपल्या घरी येणं-जाणं करून राहिली, पण आपल्या घरचं पाणी नाही प्यायली कधी. चहा ठेवला तर तसाच ठेवून गेली. आपलं हे घेईल का ती? मी म्हटलं त्यांना, मॅडम तशा नाहीत. पण मलाही माहीत नव्हतं न, मॅडम. मीच म्हणून राहिली होती, खरं काय ते नव्हतं माहीत."

मी मॅडमकडे पाहू शकले नाही. तो नियम मीही पाळला होता. मेश्रामांच्या घरी मी कितीदा गेले होते, अनुसयाबाईंनी, म्हणजे वनिताच्या सासूबाईंनी, पुढे केलेला पाण्याचा पेला कितीदा हसून नाकारला होता. तो नियम सगळ्या घरांना सारखा होता. पण कसब्यातल्या टेंब्यांच्या बाईने पाणी नाकारणं जोश्यांच्या घरी एक असतं आणि मेश्रामांच्या घरी दुसरं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

मॅडम छताकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा फ्रीजर उघडला त्या दिवशी झाला नव्हता इतका पडला होता.

"इतकी वर्षं?" त्या शेवटी म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्हाला तसं वाटत होतं, आणि तरी तुम्ही देत राहिलात?"

"विज्ञानाचं काम आहे न," वनिता म्हणाली.

वनिता तिथेच बसून होती. बाहेर जेवणाच्या गाड्यांचा आवाज येऊन गेला. मग मॅडमनी मला म्हटलं, "संगणक, यांचं नाव अभ्यासातून काढा. आजपासून नाही, पहिल्यापासून."

मेश्राम काढले तर अभ्यासात उरत काय होतं? सबंध आयुष्याचं काम होतं ते. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. ज्याच्याकडून आपण जीव घेतो त्याच्यावर आपण प्रबंध लिहायचा नाही, असं काहीसं त्या पुटपुटल्या. आणि वनिताकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही माझ्या अभ्यासात नाही."

"मग कोण आहे मी?"

मॅडमनी हात पुढे केला आणि वनिताने तो धरला, एवढंच मी पाहिलं आणि खोलीबाहेर आले.

वनिताच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या. उपचार एका सकाळी झाला. मी संस्थेत बसून होते, समोरच्या पडद्यावरचं मला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांचाही आवाज बदलला होता. जुलाब थांबले होते. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मऊ भात मागितला आणि तो कच्चा आहे म्हणून परत पाठवला. मला तेव्हा कळलं की त्या वाचल्या.

घरी सोडल्यावर त्या आधी कुठे गेल्या असतील, तर मेश्रामांकडे. मी सोबत होते. कुबडी टेकत जिना चढल्या. अनुसयाबाईंनी दार उघडलं, त्या काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "पाणी द्या." पेला तोंडाला लावून पूर्ण प्यायल्या. मग चहा प्यायल्या, मग चिवडा मागून घेतला. अनुसयाबाई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढं एकाच दिवशी नका घेऊ जी, सोसणार नाही." मॅडम हसल्या. पण नंतर रिक्षात त्या डोळे पुसत होत्या आणि मी रस्त्याकडे बघत राहिले. पेलाभर पाण्याने ती वर्षं भरून निघाली असं त्यांनाही वाटलं नसावं. अनुसयाबाईंना तर नाहीच.

मेश्रामांच्या जागी मॅडमनी स्वतःला अभ्यासात घातलं. आपलाच ऐवज दर आठवड्याला स्वतः घेऊन येत. पहिल्या काही चित्रांत त्यांचा ठिपका जिथे गेला होता ती जागा मला पाठ होती, वनिताच्या ठिपक्याची. मला वाटलं, आता तो तिथेच राहणार. तसं झालं नाही. काही महिन्यांनी मॅडमची स्वतःची जुनी मंडळी, जी आजाराआधी तुलनेसाठी काढलेल्या त्यांच्या चित्रात होती आणि मेली असं आम्ही धरून चाललो होतो, कुठल्याशा कानाकोपऱ्यातून पुन्हा दिसू लागली. नवी हटली नाही, जुनीही शिरली. ठिपका सरकत सरकत अशा जागी जाऊन बसला जिथे आमच्या चित्रात आधी कुणीच नव्हतं. मॅडम तासन्‌तास ते बघत बसायच्या. "ही कोण बाई आहे?" असं एकदा त्यांनी विचारलं. मी गंमत समजले, पण त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

त्या निवृत्त झाल्या. आय.टी. पुन्हा सावरली होती, मी खराडीला परतले. तो मोठा प्रबंध कधी निघाला नाही. आता परदेशातून तशाच अभ्यासांच्या बातम्या येतात तेव्हा मला फ्रीजरसमोर भिंतीला टेकलेले गायकवाड दिसतात. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी मॅडम गेल्या, झोपेत, हृदय बंद पडून. पोटाचा त्यात काही संबंध नव्हता, हे त्यांनी स्वतः आवर्जून सांगितलं असतं. मला कळलं ते वनिताच्या फोनवरून. तिला आधी कळलं होतं आणि भाच्याला नंतर.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं, पुणे स्टेशनवर. मी आईला गाडीत बसवायला गेले होते. शेजारच्या फलाटावर नागपूरकडे जाणारी गाडी उभी होती आणि खिडकीत मॅडम. समोरच्या बाकावर अनुसयाबाई. भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या गावी लग्न होतं, दोघी निघाल्या होत्या. मी खिडकीपाशी धावले. चार शब्द बोलणं झालं. गावची माणसं अजून जुनंच खातात का ते बघायचंय, मॅडम म्हणाल्या. अनुसयाबाई मला म्हणाल्या की सांगा यांना, लग्नघरी कुणाला डबी मागू नका. मॅडमनी ऐकलं नसल्यासारखं केलं. गाडी हलली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. अनुसयाबाईंनी मांडीवरच्या डब्यातून भाकरी मोडली होती, अर्धी तोंडात धरली होती आणि उरलेली अर्धी न बघताच पुढे केली होती. मॅडम ती घ्यायला वाकल्या, आणि खिडकी पुढे गेली.